मूक पात्रांचे स्वरारोपण

ज्या पात्राचे बोलणे मुळात केवळ लेखी मजकुरातून किंवा अभिनयातून प्रेक्षकापर्यंत पोहोचते, त्याच्या मुखी मागाहून ध्वनिमुद्रित वाणी घालण्याच्या क्रियेस स्वरारोपण म्हणता येईल. व्यवहारात ह्यासाठी डबिंग हा शब्द रूढ आहे. परंतु त्याने एका भाषेतील बोलपट दुसऱ्या भाषेत नेण्याच्या क्रियेचाही बोध होतो. येथे विचार करावयाचा आहे तो निराळा. जे पात्र कोणत्याच भाषेत बोलत नव्हते, त्याला पहिल्यानेच बोलते करण्याचा. असा प्रसंग अलीकडच्या इतिहासात ठळकपणे दोनदा आला. एकदा मूकपटाची जागा बोलपटाने घेतली तेव्हा, साधारणतः १९२७ ते १९३५ या काळात. आणि पुन्हा एकविसाव्या शतकाच्या आरंभी, संगणकावर असंख्य लोकांनी एकाच वेळी खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांत खेळाडूला कामगिरी सोपविणाऱ्या पात्रांना आवाज देण्यास प्रारंभ झाला तेव्हा. पहिल्या प्रसंगाचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण नाशिकच्या चित्रपट व्यवसायाशी निगडित आहे, आणि दुसऱ्या प्रसंगी उपस्थित झालेले बहुतेक प्रश्न त्या उदाहरणात बीजरूपाने सापडतात.

चित्र मूक असावे आणि वाणी बाहेरून यावी, ही कल्पना महाराष्ट्राला चित्रपटाने शिकविलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी रंगविलेल्या चित्रांची पोथी पुढे ठेवून एकेक चित्र उलगडीत आणि वाद्यांच्या साथीने राम, सीता, रावण या सर्वांची भाषणे एकाच मुखाने करीत. चित्र ठरलेले असे. बोलणे मात्र श्रोते, प्रसंग आणि सांगणाऱ्याची तब्येत यांप्रमाणे वाढे वा आखडे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून शांबरिक खरोलिका या नावाने जे जादूच्या कंदिलाचे खेळ केले, त्यांतही काचेवर रंगविलेली चित्रे पडद्यावर हालत आणि कथा निवेदनातून व गाण्यांतून पुढे सरके. जपानमध्ये मूकपटाच्या पडद्याशेजारी बसून सर्व पात्रांचे संवाद म्हणणारे बेन्शी हे तर स्वतःच लोकप्रिय कलावंत झाले होते. या सर्व प्रकारांत वाणी जिवंत होती, म्हणजे ती दर खेळास नव्याने जन्माला येई. यंत्राने तिला कायम केली तेव्हा काय बदलले, हे समजण्यासाठी ही पूर्वपीठिका लक्षात ठेवावयास हवी.

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. त्यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. पौराणिक चित्रपटांना लागणारे घाट, देवालये, नदी आणि डोंगर येथे आयते होते. सेटिंगवर खर्च करण्याऐवजी गोदावरीच्या काठी कॅमेरा उभा करणे सोयीचे होते. मोहिनी भस्मासुर आणि सत्यवान सावित्री हे चित्रपट येथे तयार झाले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी भूमिका केल्या आणि चित्रपटात स्त्रियांनी काम करण्यास आरंभ झाला. १९१८ मध्ये वामन श्रीधर आपटे प्रभृती भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. श्रीकृष्णजन्म (१९१८) व कालियामर्दन (१९१९) हे तिचे प्रारंभीचे चित्रपट होत. पुढे फाळके भागीदारांशी मतभेद होऊन काही काळ काशीस जाऊन राहिले आणि परतून पुन्हा त्याच कंपनीत दिग्दर्शन करू लागले.

या चित्रपटांतील पात्रे बोलत कशी? दोन दृश्यांच्या मध्ये मजकुराची पाटी येई. तीवर प्रसंगाचे निवेदन किंवा पात्राचे भाषण लिहिलेले असे, आणि बहुधा ते एकाहून अधिक भाषांत असे. साक्षर प्रेक्षक ते वाचीत. निरक्षरांची संख्या मोठी असल्याने कोणी तरी ते मोठ्याने वाचून दाखवी. नट पडद्यावर ओठ हालवीत, परंतु त्या वेळी ते नक्की कोणते शब्द उच्चारीत होते याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हते. या व्यवस्थेची एक सोय सहसा लक्षात घेतली जात नाही. पाटी म्हणजे काही फूट फिल्म. ती कापून दुसऱ्या भाषेतील पाटी जोडली की तोच चित्रपट दुसऱ्या प्रांतात चाले. तमिळ प्रेक्षकाला राम तमिळ बोलतो असे वाटे, मराठी प्रेक्षकाला मराठी. नटाची मातृभाषा, त्याचा उच्चार, आवाजाचा पोत यांपैकी कशालाही भूमिकेच्या निवडीत स्थान नव्हते.

त्यामुळे काय काय शक्य झाले ते पाहण्यासारखे आहे. उपाहारगृहात नोकरी करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी राजा हरिश्चंद्रमध्ये तारामतीची भूमिका केली. लंकादहन (१९१७) या चित्रपटात तर तेच राम झाले आणि तेच सीताही. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला गळा कमवावा लागे. साळुंके यांना तो प्रश्नच आला नाही. कालियामर्दनमध्ये फाळके यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने कृष्णाची भूमिका केली. कथा सुरू होण्यापूर्वी या चित्रपटात तिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव जवळून दाखविले आहेत, जणू प्रेक्षकाला आधी तिची भाषा शिकवावी तसे. मुलीचा आवाज ऐकू येणार असता तर ही भूमिका तिला मिळाली असती की नाही, याची शंका घेता येईल. मूकपट हा बोलपटाचा अपुरा पूर्वज होता, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. त्याचे स्वतःचे असे व्याकरण होते, आणि ते गप्प राहण्यावर उभे होते.

अमेरिकेत १९२७ साली द जाझ सिंगर प्रदर्शित झाला आणि ध्वनीचे युग सुरू झाले. हिंदुस्थानात अर्देशिर इराणी यांचा आलम आरा हा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. स्टुडिओ रेल्वेमार्गानजीक असल्याने आणि ध्वनिरोधाची सोय नसल्याने त्याचे चित्रण मुख्यतः रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागले होते. पुढील वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली अयोध्येचा राजा काढला. एकोणीस वर्षांपूर्वी फाळके यांनी मूकपणे सांगितलेली हरिश्चंद्राचीच ही कथा. परंतु आता गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या मुखांतून मराठी शब्द व पदे ऐकू येत होती. पाटी बदलून भाषा बदलण्याची सोय संपली होती. हिंदी प्रेक्षकांसाठी कंपनीला तोच चित्रपट अयोध्या का राजा या नावाने पुन्हा हिंदीत चित्रित करावा लागला. वाणी आली आणि तिच्याबरोबर भाषेची वेसही आली.

या उलथापालथीत नाशिकची कंपनी सेतुबंधन या चित्रपटाच्या कामात गुंतलेली होती. रामाने लंकेस जाण्यासाठी सागरावर सेतू बांधला तो प्रसंग, म्हणजे ज्या पंचवटीशी रामकथेचा संबंध परंपरेने जोडला जातो त्या गावच्या दिग्दर्शकाला साजेसाच विषय. चित्रण मूकपटाच्या पद्धतीने झाले, आर्थिक ओढाताणीमुळे ते रेंगाळले, आणि चित्रपट पुरा होईपर्यंत (१९३२) बाजार पालटून गेला होता. बोलपटाला रांगा लागत असता मूकपट कोण घेणार? तेव्हा तयार चित्रपटाला मागाहून ध्वनी जोडण्याचा मार्ग पत्करण्यात आला आणि सेतुबंधन बोलता होऊन प्रेक्षकांपुढे आला. फाळके यांनी दिग्दर्शित केलेला हा शेवटचा मूकपट. मूक जन्मून सवाक झालेल्या हिंदी चित्रपटांपैकी तो एक उल्लेखनीय चित्रपट होय.

ही क्रिया वाटते तितकी साधी नव्हती. तिच्यातील अडचणी यांत्रिक होत्या, तशाच कलात्मकही. पहिली अडचण वेगाची. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरविला जाई. त्याचा वेग प्रारंभीच्या काळात सेकंदास सोळा ते अठरा चौकटींच्या आसपास असे आणि पुढे तो वाढत गेला. ध्वनीच्या शुद्धतेसाठी बोलपटाचा वेग सेकंदास चोवीस चौकटी असा पक्का करण्यात आला. सोळाच्या वेगाने घेतलेले दृश्य चोवीसच्या वेगाने दाखविले, तर ते दोनतृतीयांश वेळातच संपते. माणसे धावल्यासारखी चालतात आणि ओठ इतके भरभर हालतात की त्यांवर कोणतेही भाषण बसू नये. उपाय म्हणून दर दुसरी चौकट दोनदा छापता येते, परंतु मग हालचालीत हिसके दिसू लागतात. दुसरी अडचण जागेची. ध्वनी फिल्मच्या कडेला एका अरुंद पट्टीत मुद्रित होतो. मूकपटाचे चित्र फिल्मची ती जागाही व्यापून असे. पट्टीसाठी चित्राची एक कड छाटावी लागे आणि मध्यभागी उभी केलेली व्यक्ती थोडी एका बाजूस सरकल्यासारखी दिसे. म्हणजे आवाजाची किंमत अक्षरशः चित्रातून कापून द्यावी लागे.

तिसरी अडचण पाट्यांची होती आणि तीच खरी मर्मावरची. पात्र बोलू लागले की पाटी निरर्थक होते. ती काढली तर दृश्याची लय तुटते. मूकपटाचा नट आधी मुद्रेने सांगे, मग पाटी येई, मग त्या शब्दांचा परिणाम दुसऱ्या पात्राच्या चेहऱ्यावर दिसे. या तीन टप्प्यांपैकी मधला टप्पा ध्वनीत विरघळला, तर उरलेले दोन अकारण लांबलेले वाटतात. शिवाय मूक अभिनयात जे हावभाव शब्दांची जागा भरून काढीत, तेच शब्द ऐकू येऊ लागताच दुप्पट सांगितल्यासारखे होतात. स्वरारोपण करणाऱ्याला लेखकाने ठरविलेल्या अर्थाच्या मापाने बोलता येत नाही. आधीच हालून गेलेल्या ओठांच्या मापाने शब्द बेतावे लागतात. शिंप्याने अंगाच्या मापाने अंगरखा शिवावा हे ठीक. येथे आधीच शिवलेल्या अंगरख्यात माणूस बसवावयाचा असतो.

इतरत्रही या काळात अशाच तडजोडी चालल्या होत्या. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांचा ब्लॅकमेल (१९२९) मूक म्हणून सुरू होऊन अंशतः पुन्हा चित्रित करण्यात आला. नायिका ॲनी ओन्ड्रा यांचा मध्य यूरोपीय उच्चार इंग्रज मुलीला शोभण्यासारखा नसल्याने, त्या कॅमेऱ्यासमोर ओठ हालवीत आणि जोन बॅरी ही दुसरी नटी चौकटीबाहेर उभी राहून संवाद म्हणे. हिंदुस्थानात मूकपटाची अत्यंत लोकप्रिय नटी सुलोचना (मूळ नाव रूबी मायर्स, जन्म पुणे) हिला हिंदुस्तानी नीट बोलता येत नसल्याने काही काळ पडद्यापासून दूर राहून ती भाषा शिकावी लागली, आणि मगच ती बोलपटांत परतली. परतणे सर्वांना साधले नाही. ज्यांच्या चेहऱ्याला प्रेक्षकांनी आपापल्या मनातील आवाज दिलेला होता, त्यांचा खरा आवाज निराशा करणारा ठरे. जपानमधील बेन्शींनी आपला धंदा वाचविण्यासाठी संप केले, ते व्यर्थ गेले. आपल्याकडे पाट्या वाचून दाखविणारे आणि पडद्याखाली बसून पेटी-तबला वाजविणारे यांची तर कोठे नोंदही झाली नाही.

फाळके यांनी स्वतः केवळ एक बोलपट केला, तो नाशिकात नव्हे तर कोल्हापुरात. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण (१९३७) दिग्दर्शित केला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर ते नाशिकास परतले आणि तेथेच १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. दरम्यान हिंदी चित्रपटसृष्टीने शरीर एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा ही गोष्ट इतकी अंगवळणी पाडून घेतली, की १९३५ पासून रूढ झालेले पार्श्वगायन हेच तिचे वैशिष्ट्य ठरले. स्वरारोपणाविषयी प्रेक्षकाची तक्रार आवाज पराया असल्याची नसते, तो न जुळण्याची असते, हे यावरून दिसते.

संगणकीय खेळांतील स्वरारोपणाकडे वळताना हे साम्य ध्यानी घ्यावे, की या खेळांतील पात्रही बराच काळ नेमके मूकपटातील पात्रासारखेच होते : एक चेहरा आणि त्याशेजारी मजकुराची पाटी. या प्रकाराचा पूर्वज म्हणजे इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये सुरू केलेला मड हा खेळ. त्यात चित्रही नव्हते. सारे जग मजकुराचे होते. १९९९ मध्ये आलेल्या एव्हरक्वेस्टमध्ये चित्रमय जग होते, परंतु गावातील म्हाताऱ्याशी किंवा पहारेकऱ्याशी बोलावयाचे तर कळपट्टीवर शब्द टंकावे लागत आणि उत्तर अक्षरांत येई. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४) या अतिशय लोकप्रिय झालेल्या खेळात पात्रे तोंडदेखले दोन शब्द उच्चारीत. अमुक पशूंचा बंदोबस्त कर, तमुक वस्तू शोधून आण, ही खरी कामगिरी मात्र चर्मपत्रासारख्या दिसणाऱ्या चौकटीत वाचावी लागे. त्याच वर्षीच्या एव्हरक्वेस्ट २ मध्ये बोलक्या पात्रांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करण्यात आला आणि क्रिस्टोफर ली यांच्यासारख्या नामवंत नटाने आपला आवाज दिला. या प्रवृत्तीचा कळस २०११ च्या स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक या खेळात झाला. त्यातील दोन लाखांहून अधिक संवादवाक्ये ध्वनिमुद्रित करण्यात आली, आणि ती इंग्रजी, फ्रेंच व जर्मन अशा तीन भाषांत.

आवाजामुळे लाभ झाला नाही असे नाही. मजकूर न वाचताच ‘मान्य’ची कळ दाबणारे खेळाडू पुष्कळ असत, त्यांना कथा प्रथमच ऐकू आली. ज्यांची दृष्टी अधू आहे किंवा ज्यांना परभाषेतील मजकूर वेगाने वाचता येत नाही, त्यांची सोय झाली. परंतु या खेळांचे जग कधी पुरे होत नाही. दर काही महिन्यांनी नव्या कथा जोडाव्या लागतात, जुन्या दुरुस्त कराव्या लागतात. लेखी ओळ एका दुपारी बदलता येते; ध्वनिमुद्रित ओळीसाठी नट, ध्वनिमुद्रणगृह आणि पैसा पुन्हा जमवावा लागतो, तोही प्रत्येक भाषेसाठी निराळा. परिणामी कथा आखडती घेण्याकडे कल होतो. पाटीच्या जागी वाणी येताच प्रभात कंपनीला जो खर्च दोनदा करावा लागला, तोच हा. फरक इतकाच की प्रभातने तो मराठीसाठी केला. लाखो ओळींच्या मुद्रणाचा हिशेब करणारे व्यापारी प्रथम मोठ्या बाजारपेठांच्या भाषा घेतात, आणि लेखी भाषांतराने ज्या भाषांना आत शिरावयास जागा मिळू शकली असती त्या बाहेर राहतात.

या कोंडीवर २०२३ पासून एक नवा उपाय पुढे आला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या जुन्या, मजकुरी कामगिऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेले आवाज देणारी जोडणी हौशी खेळाडूंनीच तयार केली. हे शब्दशः सेतुबंधनासारखेच कार्य आहे : मूक म्हणून पुरी झालेली कृती, तिला मागाहून दिलेला ध्वनी. येथे ओठ जुळविण्याची अडचण नाही आणि ओळ बदलणेही सोपे आहे. नवी अडचण मात्र अशी, की कृत्रिम आवाज घडतो तो कोणा ना कोणा माणसांच्या ध्वनिमुद्रणांवरून. चित्रकथ्याची वाणी त्याच्यासोबत उठून जाई. बोलपटाची वाणी फिल्मला चिकटून राहिली, तरी ती एका विशिष्ट दिवशी एका विशिष्ट माणसाने उच्चारलेली असे. आता जे वाक्य त्या माणसाने कधी उच्चारलेच नाही, तेही त्याच्या आवाजात ऐकविता येते. अमेरिकेतील नट-निवेदकांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेने संगणकीय खेळांच्या निर्मात्यांविरुद्ध २६ जुलै २०२४ रोजी जो संप पुकारला, त्यातील मुख्य वाद हाच होता. जुलै २०२५ मध्ये सभासदांनी मान्य केलेल्या करारात नटाच्या आवाजाची वा हालचालींची संगणकीय प्रतिकृती वापरण्यापूर्वी त्याची संमती घेण्याची आणि त्यासाठी मोबदला देण्याची तरतूद करण्यात आली.